डोळ्यांचं कॉलेज: सुरत की नाशिक?

नवापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. पाटीवर मुलाचं नाव, 'भाग्येश चष्माघर', त्यामुळे निम्मं गाव मलाच भाग्येशभाऊ म्हणतं. खरा भाग्येश पुण्याला कंपनीत आहे आणि त्याला चष्म्यांत काडीचा रस नाही. माझं नाव शिवाजी बोरसे. तीस वर्षं झाली, मी लोकांच्या नाकावर काचा बसवतोय. एवढ्या वर्षांत दुकानात कितीतरी मुलंमुली कामाला येऊन गेली. त्यातली एकच अशी निघाली की तिच्यामुळे मला माझ्या धंद्याची नव्याने ओळख झाली. ती प्रिस्किला गावित.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. मी नुकतंच शटर वर करून काउंटर पुसत होतो. प्रिस्किला सायकल भिंतीला टेकवते न टेकवते तोच आत आली. ओढणी भिजलेली, चपलांना चिखल, आणि चेहरा असा की मला आधी वाटलं, घरी काहीतरी झालं.

"काय व्हयनं पोरी? बस, पह्यले पानी पे," मी आमच्या अहिराणीत म्हणालो.

पाणी बाजूलाच राहिलं. तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "भाऊ, दोन्हीकडे! दोन्हीकडे लागला नंबर!"

ऑप्टोमेट्रीच्या पदवीसाठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते. ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासण्याचं शिक्षण. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण नंबर काढणं, डोळ्याच्या आत काय बिघडलंय ते ओळखणं, कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरवणं, हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम. चार वर्षांचा कोर्स. एक कॉलेज सुरतेचं, दुसरं नाशिकच्या पुढे डोळ्यांच्या एका धर्मादाय इस्पितळाला जोडलेलं. सुरतवाल्यांना शनिवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, नाशिकवाल्यांना सोमवारी.

"मग यात विचार कसला?" मी म्हणालो. "सुरत. गाडीत बसलं की दोन तासांत. दर शनिवारी घरी."

दर शनिवारी घरी, म्हणजे दर रविवारी माझ्या दुकानात. हे मी बोललो नाही, पण माझ्या मनात तेच होतं.

"बघून येऊ ना दोन्ही," ती म्हणाली. "न बघता कसं सांगणार?"

तिचं हे पहिल्यापासूनच असं. ती अकरावीला असताना दिवाळीच्या सुट्टीत आईला चष्मा करायला घेऊन आली होती. आई सुसानाबाई, चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना गाणी शिकवते, आणि पुस्तकातली अक्षरं पुसट झाली म्हणून आली होती. मी काच निवडत होतो. ही पोरगी माझ्या पेटीतली एक काच उचलून पेपरवर फिरवत बसली.

"भाऊ, काच इकडे नेली की अक्षर तिकडे का पळतं?"

"प्लस नंबरची आहे म्हणून."

"पण का?"

मला येईना. खरंच येईना. तीस वर्षं मी काच फिरवून अक्षर कुठे पळतं ते बघतोय आणि नंबर ओळखतोय, पण का ते कधी कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन आठ किलोमीटर सायकल मारत आली आणि पेन्सिलीने आकृती काढून मलाच समजावून गेली. मी म्हटलं, सुट्टीत येत जा दुकानात.

मग ती येतच राहिली. ती बारावीला असताना जानेवारीत त्यांच्या करंजफळी गावात, चर्चच्या आवारात, बाहेरच्या एका संस्थेने डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. मीही मदतीला गेलो होतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक तक्ता असतो, त्यावर इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशांना वळवून छापलेला असतो. शिबिरातल्या बाई मराठीत विचारत होत्या, "आजी, याचं तोंड कुठे आहे?" आणि आज्या एकामागून एक गप्प. अक्षराला तोंड कसलं असणार! शरमेने त्या खाली बघायच्या आणि बाई लिहायच्या, प्रतिसाद नाही.

प्रिस्किला पुढे झाली आणि त्यांच्या मावची बोलीत म्हणाली, "चिखलात कोंबडीचा पाय उमटलाय. नखं कुठल्या बाजूला आहेत, तेवढं हाताने दाखवायचं."

भिकुबाई म्हणून सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी वरच्या दोन ओळी भराभर हाताने दाखवल्या आणि मग म्हणाल्या, "इथून पुढे तुझी कोंबडी उडून गेली." सगळं आवार हसलं. त्या दिवशी दुपारपर्यंत दीडशे माणसं तपासून झाली. निघताना त्या बाईंनी प्रिस्किलाला विचारलं, "तू ऑप्टोमेट्री का करत नाहीस?" हा शब्द तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. विसरू नये म्हणून तळहातावर लिहून घेतला.

तर मंगळवारी बातमी आली आणि बुधवारी सकाळी आम्ही सुरतेच्या गाडीत होतो. प्रिस्किला, सुसानाबाई आणि मी. मला तशाही फ्रेम आणायच्या होत्या. प्रिस्किलाने दोनशे पानी वहीच्या मागच्या बाजूला प्रश्न लिहून आणले होते. खिडकीशी बसून ती ते पुटपुटत होती, आणि मधेच स्वतःशीच हसत होती. व्यारा गेलं तेव्हा म्हणाली, "भाऊ, मला मघापासून एका जागी बसवतच नाहीये."

"भूक लागली असेल."

"नाही हो. भूक अशी नसते."

सुरतेचं कॉलेज बघून माझेही डोळे दिपले. काचेची इमारत, आत गार हवा, फरशी अशी की तोंड दिसावं. प्रयोगशाळेत एकेक यंत्र असं की मी फक्त कंपनीच्या पुस्तकात फोटो पाहिलेले. प्राचार्य भला माणूस होता. आमच्याशी हिंदीत बोलला, चहा दिला, मुलींचं वसतिगृह स्वतः दाखवलं. वसतिगृहाची व्यवस्था बघणाऱ्या बाई सोनगडच्या निघाल्या, आमच्या शेजारच्याच. सुसानाबाईंशी त्यांच्या बोलीत बोलल्या. झालं. सुसानाबाईंचा जीव भांड्यात पडला. जिन्यातच त्या लेकीला म्हणाल्या, "इथंच. आता दुसरं काही बघू नको."

प्रिस्किला मात्र आम्हाला घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत गेली. तिथे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी यंत्रांवरची प्लास्टिकची आवरणं काढून आम्हाला दाखवत होती. प्रिस्किलाने वही उघडली.

"दीदी, या यंत्रावर तुम्ही आतापर्यंत किती पेशंट तपासले?"

ती मुलगी हातातल्या आवरणाची घडी घालत म्हणाली, "आम्ही एकमेकींचे तपासतो. पेशंट तिसऱ्या वर्षाला. बाहेरच्या इस्पितळात नेतात, महिन्यातून दोनदा."

"आणि लहान मुलं?"

"मुलांचं पुस्तकात आहे. फार छान पुस्तक आहे," ती मुलगी मनापासून म्हणाली.

परतीच्या गाडीत मी आणि सुसानाबाई खूश होतो. प्रिस्किलाने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सोनगड आलं तेव्हा म्हणाली, "कॉलेज आवडलं मला. खरंच आवडलं. पण नाशिक बघितल्याशिवाय मी उत्तर देणार नाही."

"सहा-सात तास बसमध्ये," मी म्हणालो. "आणि एकदा गेलीस की दिवाळीलाच येशील."

घरी बायकोला हे सांगितलं तर ती मलाच बोलली. "तुम्हले तुमना दुकाननी पडेल शे. पोरना इचार करा जरा."

म्हणून गुरुवारी मी दुकान बंद ठेवलं. या वेळी प्रिस्किलाबरोबर तिचे वडील निघाले. नारसिंग गावित नवापूरच्या एका हॅचरीत काम करतात, जिथे अंड्यांतून पिल्लं काढतात. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं आणि आत जीव धरलाय का ते बघायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं तेच. त्यांच्याइतकं अचूक बघणारा तिथे दुसरा नाही असं मालक स्वतः सांगतो. माणूस अबोल. सटाण्याला चहा घेताना मात्र मला म्हणाले, "भाऊ, मी काही विचारणार नाही तिथे. तुम्हीच विचारा."

दिवेलागणीला पोचलो. पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक मोठी खोली होती, तिथे आम्हा दोघांची सोय झाली आणि प्रिस्किलाची मुलींच्या वसतिगृहात. सकाळी ती आली ती तक्रार घेऊनच. "एका खोलीत सहा जणी. डाळ म्हणजे पिवळं पाणी. आंघोळीला रांग." पण हे सांगताना तिचे डोळे लुकलुकत होते.

इस्पितळाची इमारत जुनी, रंग उडालेला. आणि सकाळी आठला तिथे जी गर्दी होती ती सांगण्यासारखी होती. पेठ-सुरगाण्याकडून जीप भरभरून माणसं आलेली. म्हातारी माणसं, अंगावरची बाळं, दप्तरासकट शाळेतली मुलं. पांढरे कोट घातलेले विद्यार्थी त्यांच्यातून वाट काढत धावत होते. कोणी थेंब घालतंय, कोणी हात धरून नेतंय, कोणी रडणाऱ्या पोराला खुळखुळा दाखवतंय. प्रिस्किला दारातच उभी राहिली. वही पिशवीतच होती. ती काढायचंही तिला सुचलं नाही.

तिसऱ्या वर्षाची सीमा नावाची विद्यार्थिनी आम्हाला दाखवायला नेमली होती. बोलायला फटकळ, हाताने चपळ. तिला प्रिस्किलाने तोच प्रश्न विचारला, किती पेशंट?

"काल? सदतीस," सीमा म्हणाली. "मोजायचे असतात, रोज वहीत सही घ्यावी लागते. चल, अंधारखोलीत दाखवते. कोणाचे डोळे बघायचे? काका, तुम्ही बसता का?"

नारसिंगभाऊ बसले. अंधाराची त्यांना सवयच. सीमाने हातात टॉर्चसारखं उपकरण घेतलं, रेटिनोस्कोप. त्यातून उजेडाची पट्टी निघते. ती डोळ्यावरून फिरवायची आणि आतून परत येणारा उजेड कसा सरकतो ते बघायचं. पेशंटला काही वाचावं लागत नाही, बोलावं लागत नाही. तरी नंबर कळतो. मी हे उपकरण ऐकून होतो, कधी हातात धरलं नव्हतं.

"आधी डावा," सीमा म्हणाली. "हे बघ, इथून डोळा लाव. पट्टी हळू फिरव. काय दिसतंय?"

प्रिस्किलाने डोळा लावला, पट्टी फिरवली. आणि मग ओरडलीच. "बाबा! अंड्यासारखं दिसतंय! आत लाल उजेड आहे! हलतोय! बाबा, तुमच्या डोळ्याच्या आतलं दिसतंय मला!"

शेजारच्या पडद्यामागून कोणीतरी हसलं. नारसिंगभाऊसुद्धा हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आता उजवा," सीमा म्हणाली.

प्रिस्किलाने पट्टी फिरवली. पुन्हा फिरवली. "दीदी, मला जमत नाहीये. हा मळकट दिसतोय. आणि हळू सरकतोय."

सीमाने उपकरण स्वतःकडे घेतलं. एकदा बघितलं, एक काच समोर धरून पुन्हा बघितलं, आणखी जाड काच धरली. मग तिचा सूर बदलला. "काका, डावा डोळा हाताने झाका. समोर भिंतीवर काय दिसतंय?"

"उजेड आहे."

"तक्ता दिसतो का? अक्षरं?"

"नाही. या डोळ्याला कसं दिसेल?" नारसिंगभाऊ शांतपणे म्हणाले. "एक डोळा बघायला असतो आणि एक असाच असतो ना?"

सेहेचाळीस वर्षांचा माणूस, आणि त्याला वाटत होतं की सगळ्या जगाचा एक डोळा असाच असतो.

सीमाने तिच्या शिकवणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी सगळं नीट तपासलं आणि समजावून सांगितलं. उजव्या डोळ्याला लहानपणापासून मोठा प्लस नंबर होता. त्यातून मेंदूकडे धूसर चित्र जायचं, म्हणून मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. त्याला आळशी डोळा म्हणतात. डोळ्याला काही रोग नसतो, बाहेरून तो चांगलाच दिसतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. वयाच्या सहा-सात वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर झाकायची पट्टी मिळाली तर बहुतेक वेळा सुधारतो. आता फार उशीर झाला होता. डाव्याला जपायचं, एवढंच.

"ठीक आहे," नारसिंगभाऊ म्हणाले. "कामाला हा पुरतो. अंडं बघताना मी तसाही उजवा मिटूनच घेतो."

मला मात्र तिथे उभं राहवेना. हा माणूस शिबिराच्या दिवशी कामावर होता, पण चार वेळा माझ्या दुकानात आला होता. बायकोचा चष्मा न्यायला, लेकीला सोडायला. मी त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. एकदाही म्हटलं नव्हतं, बस, तुझेही बघू.

परतीच्या बसमध्ये प्रिस्किला खिडकीशी बसली होती. देवळ्याच्या आसपास एकदम माझ्याकडे वळली. "भाऊ, हे आईबापांकडून मुलांत येतं का?"

"माहीत नाही गं."

तिने लगेच सीमाला फोन लावला. गाडीच्या आवाजात ओरडून बोलत होती. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो... माझा नाही, शिबिरात माझे दोन्ही तपासलेत... बहीण आहे. एस्तेर. साडेपाच वर्षांची. नाही, शिबिरात लहान मुलं तपासली नव्हती." मग ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "येऊ शकतं. सीमादीदी म्हणाली, घरी गेल्या गेल्या एकेक डोळा झाकून बघ."

शनिवारी सकाळी मी स्वतः मोटारसायकलने करंजफळीला गेलो. राहवलंच नाही. एस्तेर अंगणात बाजेवर बसली होती, दोन वेण्या, हातात भाजलेलं मक्याचं कणीस. प्रिस्किला तिच्या मागे बसली आणि खेळ खेळल्यासारखा तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला. "सांग, चिंचेखाली कोण आहे?"

"शेळी. आणि तिचं पिल्लू. आणि लाल बादली."

"शाब्बास. आता हा डोळा." तिने डावा झाकला. "आता कोण आहे?"

एस्तेरने मान तिरकी केली. मग प्रिस्किलाचा हात ओढला. तो सुटेना तेव्हा कणीस टाकून दोन्ही हातांनी ओढला. "नको ना! अंधार नको करू!"

"अंधार नाही केला. उघडाच आहे हा डोळा. शेळी कुठाय?"

"दिसत नाही!" आणि ती रडायला लागली.

सुसानाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. पण प्रिस्किलाने काय केलं असेल? ती उठली, बहिणीला कडेवर घेतलं आणि अंगणात गोल गोल फिरायला लागली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई, रडू नको! साडेपाच! ती फक्त साडेपाच वर्षांची आहे! वेळ आहे! बाबांना नव्हता मिळाला, हिला आहे!"

एस्तेर बिचारी गोंधळून रडायची थांबली आणि तीही हसायला लागली.

दुपारी प्रिस्किलाने सुरतेच्या प्राचार्यांना फोन केला. मी शेजारीच होतो. तिने हिंदीत, अडखळत पण स्पष्ट सांगितलं की तुमचं कॉलेज चांगलं आहे, तुम्ही आम्हाला मानाने वागवलंत, पण मला पहिल्या वर्षापासून पेशंट बघायचे आहेत, लहान मुलं बघायची आहेत. म्हणून मी नाशिकला जातेय. तो भला माणूस म्हणाला, "बेटा, यह सवाल हर बच्चे को पूछना चाहिए." आणि तिला आशीर्वाद दिला.

सुसानाबाई मात्र अजून पुऱ्या वळल्या नव्हत्या. एस्तेरला दाखवायला न्यायचं त्यांना मान्य होतं. मोठीला तिथे ठेवून यायचं मान्य नव्हतं. "सहा जणी एका खोलीत, पिवळं पाणी खायचं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. रविवारी प्रार्थना आटोपून सगळे निघाले. मी गेलो नाही. पुढचं मला त्यांच्या तोंडून कळलं, आणि तिघांनी तीन वेळा सांगितलं त्यामुळे मला आता मीच तिथे होतो असं वाटतं.

सोमवारी सकाळी एस्तेरच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, मग मॅडमनी तपासलं. उजवा डोळा, वडिलांसारखाच. पण पट्टीने बराच सुधारेल असं त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या आकाराची एक चिकटपट्टी असते, ती चांगल्या डोळ्यावर लावून रोज काही तास कमजोर डोळ्याकडून काम करून घ्यायचं. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा बाजूच्या बाकावर सुरगाण्याकडची एक बाई कडेवर पोर घेऊन बसली होती. तिला मॅडमचं मराठी नीट कळत नव्हतं. तिची त्या डोंगराळ भागातली आदिवासी कोकणी बोली आणि सुसानाबाईंची मावची सारखी नाही, पण कान देऊन ऐकलं तर पोचतं. सुसानाबाई सरकून तिच्याजवळ गेल्या आणि तिला समजावायला लागल्या. पट्टी कुठे लावायची, किती तास, पोर रडलं तरी काढायची नाही. स्वतःला आत्ताच कळलेलं सगळं त्यांनी तिला सांगून टाकलं. ती बाई म्हणाली, "तुम्ही इथं कामाला आहात का?"

"मी नाही," सुसानाबाई म्हणाल्या. "माझी मुलगी. आजपासून."

प्रिस्किला मागेच उभी होती. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "जा, कुठे सही करायची ती कर. खिडकी बंद होईल."

ती धावत सुटली. नारसिंगभाऊ सांगतात, ती इतकी जोरात धावली की वळणावर एका डॉक्टरला धडकली, त्यांची फाईल पडली, आणि ती सॉरी म्हणत म्हणत तशीच पुढे गेली.

एस्तेरची फ्रेम माझ्याच दुकानात बसवली. लाल रंग तिने स्वतः निवडला. पहिल्या दिवशी चष्मा लावून दुकानाबाहेर आली आणि पट्टी लावायला तयार होईना. मग मी पट्टीवर पेनाने फूल काढून दिलं. तेव्हापासून दर आठवड्याला कोणतं चित्र हवं याची मागणी येते. मोर काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. मार्चमध्ये तिने त्या डोळ्याने तक्त्याची चौथी ओळ वाचली.

माझ्या दुकानातही एक बदल झाला. चष्म्यासाठी कोणीही येवो, बरोबर मूल असेल तर आधी त्याला स्टुलावर बसवतो आणि एकेक डोळा झाकून बघतो. आतापर्यंत तिघं सापडली. तिघांनाही नाशिकला पाठवलं. प्रिस्किलाची आणि माझी रविवारची गाठ चुकली ती चुकलीच. सुट्टीत येते तेव्हा तिला घरच्यांना सोडून दुकानात बस असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण ती येते.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या गुरुवारी भर दुपारी तिचा फोन आला. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं, तरी मी घेतला.

"भाऊ, आज मी एकटीने बघितलं! मॅडम नुसत्या मागे उभ्या होत्या. आठ महिन्यांचं बाळ! सारखं रडत होतं, मग मी बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजवला, ते माझ्याकडे बघायला लागलं, आणि तेवढ्या चार सेकंदांत मी दोन्ही डोळे बघून घेतले. मॅडमनी नंतर तपासलं, माझा नंबर बरोबर निघाला! पाव नंबरचाही फरक नाही! भाऊ, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. समोरचं गिऱ्हाईक चष्मा हातात धरून माझ्याकडे बघत होतं. मी त्याला थांबायची खूण केली. "सांग. आधीपासून सांग. बाळ कुठलं होतं?"